संगणकाचे शीतन व तापमापन

विजेवर चालणाऱ्या संगणकात निर्माण होणारी उष्णता बाहेर घालवून त्याच्या घटकांचे, विशेषतः प्रक्रियकाचे म्हणजेच प्रोसेसरचे, तापमान मर्यादेत राखण्याची व ते सतत मोजत राहण्याची तंत्रे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे डेस्कटॉप म्हणजे मेजावर ठेवून वापरावयाच्या संगणकाच्या संदर्भात या तंत्रांचा इतिहास दिला आहे. मोठ्या संगणकांचा विचार पार्श्वभूमीपुरताच केला आहे.

ऊर्जेच्या दृष्टीने पाहता संगणक ही एक शेगडीच होय. विद्युत् चलित्राला दिलेल्या शक्तीतून काही यांत्रिक कार्य मिळते, दिव्यातून प्रकाश मिळतो. गणनेचे फलित मात्र ऊर्जेच्या रूपात बाहेर पडत नाही. संगणकाला पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत् शक्ती अखेर उष्णतेत रूपांतरित होते. यामुळे गणनेचा वेग वाढविण्याचा प्रश्न व निर्माण झालेल्या उष्णतेची वाट लावण्याचा प्रश्न हे दोन्ही प्रथमपासून एकमेकांशी जखडलेले आहेत. संगणकाचा इतिहास सामान्यतः वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि त्यातील काही निर्णायक वळणे उष्णतेने घडवून आणली आहेत आणि त्यांपैकी सर्वांत मोठे वळण २००४ साली डेस्कटॉप संगणकाच्या बाबतीतच आले.

उष्णतेचे दुष्परिणाम : अर्धसंवाहकातील गळती प्रवाह तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. त्यामुळे शक्ती अधिक खर्च होते, तिच्यामुळे तापमान आणखी वाढते आणि परिणामी गळतीही वाढते. हे चक्र वेळीच न थांबल्यास घटक जळून जातो. तापमान वाढले की मंडलातील धातूच्या सूक्ष्म तारांचा विद्युत् रोधही वाढतो व संदेश उशिरा पोहोचून गणनेत चूक होण्याचा संभव निर्माण होतो. संगणक अचानक थांबणे किंवा स्वतःहून पुन्हा सुरू होणे यांमागे पुष्कळदा हे कारण असते. दीर्घकालीन दुष्परिणाम वेगळे आहेत. प्रवाहाच्या रेट्याने तारेतील धातूचे अणू हळूहळू सरकतात व कालांतराने तार तुटते. हा क्षय तापमानाबरोबर घातांकी नियमाने वाढतो, असे दाखविणारे सूत्र जेम्स ब्लॅक यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडले. शिवाय सिलिकॉनचा प्रसरणांक दर अंश से.ला दशलक्षात सु. २·६ असून तांब्याचा सु. १७ आहे. संगणक चालू-बंद होताना एकमेकांस चिकटलेले हे पदार्थ कमीअधिक प्रमाणात प्रसरण व आकुंचन पावतात आणि त्यांचे जोड ढिले होतात. तापमानात १०° से. वाढ झाली की घटकाचे आयुष्य निम्मे होते, असा एक नियम अभियंत्यांत प्रचलित आहे. तो ठोकताळाच समजावा; कारण निरनिराळ्या बिघाडांवर तापमानाचा परिणाम सारख्या प्रमाणात होत नाही.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या व १९४६ मध्ये लोकांपुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या व त्याला सु. १५० किलोवॉट शक्ती लागे. नलिकेतील तंतू तापल्याशिवाय तीतून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत, म्हणजे येथे उष्णता ही उपद्रव नसून कार्याची पूर्वअटच होती. मात्र हजारो नलिका एका दालनात आल्या की तिला बाहेर घालविण्यासाठी मोठे वातप्रेरक बसवावे लागत. एनिॲकच्या कपाटांत तापमान प्रमाणाबाहेर गेल्यास वीजपुरवठा तोडणारे तापस्विच होते. संगणकाचे तापमान पाहून त्याला आपोआप थांबविण्याची कल्पना ही अशी पहिल्या पिढीइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणकही निर्वात नलिकांचाच होता व त्यात अशा सु. २,७०० नलिका होत्या.

ट्रँझिस्टर व त्यानंतर संकलित मंडले आल्यावर एकेका घटकाची उष्णता पुष्कळ कमी झाली. पण घटक इतके दाटीने बसविले जाऊ लागले की दर चौ. सेंमी.मागे निर्माण होणारी उष्णता उलट वाढली. सेमूर क्रे यांच्या १९७६ मधील क्रे-१ या महासंगणकाची सु. ११५ किलोवॉट उष्णता फ्रीऑन या प्रशीतकाने वाहून नेली जाई. १९८५ मधील क्रे-२ मध्ये तर मंडले वीज न वाहणाऱ्या फ्ल्युओरोकार्बनी द्रवात बुडवूनच ठेवलेली होती. आयबीएम कंपनीने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकात शंभराहून अधिक चिपा एका सिरॅमिक फलकावर बसवून प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या टेकविलेला असे. मधल्या पोकळीत हीलियम वायू भरलेला असे व वर थंड पाणी खेळविलेले असे. हीलियमाची उष्णता संवाहकता हवेच्या सु. सहापट असल्याने दट्ट्या व चिप यांमधील बारीकशी फटही त्याने अडचणीची ठरत नसे. ही रचना अभियांत्रिकी कौशल्याचा उत्तम नमुना होती. पण ती महाग होती. १९९४ पासून कंपनीने मोठ्या संगणकांतही सीमॉस या प्रकारची कमी शक्ती खाणारी मंडले वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा पाण्याचे नळ जाऊन पुन्हा हवेचा झोत आला. सीमॉस मंडलात मुख्य खर्च स्थितिबदलाच्या क्षणीच होत असल्याने उष्णतेचा प्रश्न कायमचा सुटला, असे तेव्हा अनेकांना वाटले. तो दहा वर्षांतच परत आला.

डेस्कटॉप संगणकाची पहिली पंधरा वर्षे : १९७७ मधील ॲपल टू या संगणकात पंखा नव्हता. त्याचा वीजपुरवठा तत्कालीन इतर यंत्रांपेक्षा हलका व कमी तापणारा असल्याने ते साधले. १९८० मध्ये आलेल्या ॲपल थ्रीमध्येही आवाज नको म्हणून पंखा टाळण्यात आला व ॲल्युमिनियमच्या ओतीव बैठकीतूनच उष्णता बाहेर पडावी अशी योजना केली गेली. ही योजना अपुरी ठरली. आत दाटीने बसविलेल्या चिपा आपल्या खोबणीतून सैल होत. संगणकाची पुढची बाजू थोडी उचलून मेजावर आपटावी म्हणजे चिपा परत बसतील, असा उपाय कंपनीकडूनच सुचविला जाई. उष्णता हे या दोषाचे एकमेव कारण नव्हते, मंडल-फलकाच्या आखणीतही चुका होत्या. तरी पंख्याविना चालणाऱ्या यंत्राला उष्णतेचा मार्ग आधी आखावा लागतो, हे या प्रकरणाने स्पष्ट झाले.

ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीत ६३·५ वॉटचा वीजपुरवठा व त्याच्याच पेटीत एक पंखा होता. या पंख्याने संपूर्ण खोक्यातील हवा ओढून मागील बाजूने बाहेर टाकावयाची, एवढीच शीतनव्यवस्था होती. ४·७७ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेने चालणारा ८०८८ हा प्रक्रियक दोनेक वॉटच शक्ती घेत असल्याने त्यावर काहीही बसविण्याची गरज नव्हती. त्यानंतरचे ८०२८६ (१९८२) व ८०३८६ (१९८५) हे प्रक्रियकही सामान्यतः उघडेच असत. या काळात संगणकाच्या खोलीला वातानुकूलन असे, बाहेर चपला काढून ठेवाव्या लागत. पण त्यामागे प्रक्रियकापेक्षा धूळ, लवचिक चकत्या व चुंबकीय फिती यांची काळजीच अधिक होती. डेस्कटॉप संगणक विनावातानुकूलित खोलीतही चालतो हे अनुभवाने कळल्यावर ही प्रथा मावळली.

प्रक्रियकावर स्वतंत्र शीतन साधन बसविणे ८०४८६ (१९८९) या प्रक्रियकाच्या पुढील रूपांपासून, विशेषतः १९९२ मधील ६६ मेगॅहर्ट्‌झच्या रूपापासून, रूढ होऊ लागले. मार्च १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमच्या पहिल्या रूपात ३१ लक्ष ट्रँझिस्टर असून ते ५ व्होल्टवर चाले व सु. १५ वॉट उष्णता निर्माण करी. बोटाच्या दोन पेरांएवढ्या तुकड्यातून निघणाऱ्या या उष्णतेला केवळ चिपेचा पृष्ठभाग पुरेना. म्हणून पुष्कळ पट्ट्या असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे हीट सिंक, व त्यावर लहान पंखा ही जोडी प्रक्रियकाच्या डोक्यावर कायमची आली.

शीतनाचे कार्य : प्रक्रियकातील उष्णता प्रथम संवहनाने ठोकळ्यात, ठोकळ्यातून त्याच्या पट्ट्यांत व तेथून अभिसरणाने हवेत जाते. प्रारणाचा वाटा येथे नगण्य असतो. तांब्याची उष्णता संवाहकता दर मीटर-केल्व्हिनला सु. ४०० वॉट, ॲल्युमिनियमाची त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक, तर स्थिर हवेची केवळ ०·०२६ वॉट असते. दोन धातूंचे घासून गुळगुळीत केलेले पृष्ठभागही प्रत्यक्षात थोड्याच बिंदूंवर एकमेकांस टेकतात व उरलेल्या सूक्ष्म खळग्यांत हवा अडकते. ती हुसकून लावण्यासाठी मध्ये उष्णतावाहक लेप लावतात. लेपाची संवाहकता धातूपेक्षा कितीतरी कमी असल्याने तो खळगे भरण्यापुरताच हवा. जाड थर दिला तर लेप स्वतःच अडथळा होतो.

ओमच्या नियमाप्रमाणेच येथे एक सोपा हिशेब करता येतो. दर वॉट उष्णतेमागे तापमानात किती अंश वाढ होते, त्या संख्येस उष्णतारोध म्हणतात. एखाद्या शीतकाचा रोध दर वॉटला ०·४° से. असेल व प्रक्रियक ६५ वॉट शक्ती घेत असेल, तर प्रक्रियकाचे आवरण खोक्यातील हवेपेक्षा २६° से.ने अधिक तापेल. खोक्यातील हवा खोलीपेक्षा पाच अंशांनी उष्ण धरल्यास २० अंशांच्या खोलीत आवरणाचे तापमान ५१° से., तर उन्हाळ्यात नागपुरातील ४२ अंशांच्या खोलीत तेच ७३° से. होईल. आतील चिपेचा सर्वांत तापलेला भाग याहूनही बराच उष्ण असतो. शीतकाची तुलना करताना नुसते तापमान न सांगता खोलीपेक्षा किती अंश अधिक, हे सांगण्याची पद्धत यासाठीच आहे. विदर्भ-मराठवाड्यासारख्या कोरड्या व धुळीच्या प्रदेशात पट्ट्यांमध्ये धुळीचा थर बसून हा रोध हळूहळू वाढत जातो. जुना संगणक उन्हाळ्यातच रुसतो, अशी जी तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुतेक वेळा या हिशेबात सापडते.

अतिवेगाचा छंद : प्रक्रियकाला नेमून दिलेल्या कंप्रतेपेक्षा अधिक कंप्रतेने चालविण्याचा प्रघात १९९० नंतरच्या दशकात हौशी मंडळींत पसरला. १९९८ मधील सेलेरॉन ३०० ए हा ३०० मेगॅहर्ट्‌झचा स्वस्त प्रक्रियक बाह्य कालस्पंदांची कंप्रता ६६ वरून १०० मेगॅहर्ट्‌झवर नेली की पुष्कळदा ४५० मेगॅहर्ट्‌झवर बिनतक्रार चाले. सीमॉस मंडलाची शक्ती धारिता, विद्युत् दाबाचा वर्ग व कंप्रता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. अतिवेगासाठी दाबही थोडा वाढवावा लागतो व दाब १० टक्क्यांनी वाढविल्यास केवळ त्यानेच शक्ती २१ टक्क्यांनी वाढते. या छंदामुळे दोन गोष्टी घडल्या. एक, मोठे तांब्याचे शीतक व पाण्याने थंड करण्याची साधने यांना बाजार मिळाला. दुसरी, सामान्य ग्राहकाला आपल्या प्रक्रियकाचे तापमान नेमके किती, हे जाणून घेण्याची इच्छा झाली. निर्मात्यांनी तोवर हा आकडा ग्राहकाला दाखविण्याचे कारणच मानले नव्हते.

तापमापनाचा विकास : प्रारंभीची पद्धत अगदी बाह्य होती. मदरबोर्ड या मुख्य फलकावर प्रक्रियकाच्या खोबणीखाली थर्मिस्टर, म्हणजे तापमानाबरोबर ज्याचा रोध बदलतो असा घटक, बसवीत. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या एलएम-७८ यासारख्या चिपा त्याचे वाचन, विविध विद्युत् दाब व पंख्यांच्या फेऱ्या यांची नोंद ठेवीत. पंखा प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंद देतो, ते मोजून त्याचा वेग कळे. मदरबोर्ड मॉनिटर, स्पीडफॅन यांसारख्या आज्ञावल्या हे आकडे पडद्यावर दाखवू लागल्या. लिनक्स प्रणालीवरील एलएम-सेन्सर्स या आज्ञावलीने तर या चिपांचे नावच आपल्या नावात जपले आहे. थर्मिस्टर मात्र चिपेला प्रत्यक्ष स्पर्श करीत नव्हता. त्यामुळे तो कित्येक अंश कमी दाखवी व त्याहून वाईट म्हणजे उशिरा दाखवी. रोग्याच्या अंथरुणाखाली तापमापक ठेवून ताप पाहावा, तसलाच हा प्रकार होता.

यावर उपाय म्हणून प्रक्रियकाच्या सिलिकॉनमध्येच एक डायोड कोरण्यात येऊ लागला. त्यातून प्रथम एक व नंतर त्याच्या ठराविक पटीतील दुसरा प्रवाह सोडून दोन्ही वेळचे विद्युत् दाब मोजतात. या दाबांतील फरक निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असतो. प्रवाहांचे गुणोत्तर दहा असल्यास हा फरक दर अंशाला सु. ०·२ मिलिव्होल्ट पडतो. इतका सूक्ष्म दाब फलकावरील इतर विद्युत् गोंगाटात मोजणे हे कसबाचे काम आहे. याच सुमारास, १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, इंटेल कंपनीच्या प्रक्रियकांत सु. १३५° से. तापमानाला काम पूर्ण थांबविणारे अंतर्गत मंडलही आले. ते अखेरचे कुलूप होते. तेथवर पोहोचण्याआधी सौम्य उपाय योजणे त्याला शक्य नव्हते.

असा उपाय नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ मध्ये प्रथम ठळकपणे दिसला. तापमान ठरलेल्या मर्यादेला पोहोचताच हा प्रक्रियक आपले काही कालस्पंद गाळून वेग कमी करी आणि निवल्यावर पूर्ववत चाले. त्याची उपयुक्तता २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या प्रकाशनाने केलेल्या एका प्रयोगाने जगाला दाखविली. संगणक चालू असताना प्रक्रियकावरील शीतकच काढून घेतला असता पेंटियम ४ मंद गतीने का होईना चालत राहिला. एएमडी कंपनीचे त्या वेळचे ॲथलॉन प्रक्रियक मात्र क्षणार्धात सु. ३००° से. किंवा त्याहून अधिक तापून धूर सोडीत जळाले. त्यांपैकी नव्या प्रक्रियकात अंतर्गत डायोड होता. पण त्याच्या वाचनावरून वीज तोडण्याचे काम मुख्य फलकाने करावयाचे होते व ते वेळेत झाले नाही. मोजमाप आहे पण त्यावर कृती करणारी यंत्रणा पुरेशी जलद नाही, ही स्थिती मोजमाप नसल्यासारखीच होय. प्रत्यक्षात चालू संगणकाचा शीतक असा कोणी उपटीत नाही, अशी टीका त्या वेळी झाली व ती रास्तही होती. तरी पंखा बंद पडणे किंवा वाहतुकीत शीतक निखळणे या घटना काल्पनिक नव्हत्या. पुढील काळात सर्वच निर्मात्यांनी हे संरक्षण प्रक्रियकाच्या आत आणले.

२००४ चे वळण : रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते की, ट्रँझिस्टरच्या सर्व मापांबरोबर विद्युत् दाबही त्याच प्रमाणात घटविला, तर घटक लहान व जलद होऊनही दर चौ. मिमी.ला लागणारी शक्ती तेवढीच राहते. तीस वर्षे या नियमाने उद्योगाला तारले. मात्र दाब एका मर्यादेखाली नेला की ट्रँझिस्टर नीट बंद होत नाही व गळती वाढते. त्यामुळे दाब घटणे थांबले आणि नियम लंगडा पडला. इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये एका परिषदेत धोक्याची सूचना दिली होती. वाढ याच गतीने चालू राहिली तर चिपेवरील शक्तीची घनता दशकाच्या मध्यास अणुभट्टीच्या, नंतर अग्निबाणाच्या नळकांड्याच्या व पुढे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पातळीस जाईल, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता.

फेब्रुवारी २००४ मध्ये ९० नॅनोमीटर तंत्राने बनविलेले पेंटियम ४ चे प्रेस्कॉट हे रूप आले. मापे लहान झाल्याने ते आधीच्या १३० नॅनोमीटरच्या रूपापेक्षा थंड असावयास हवे होते. प्रत्यक्षात त्याच कंप्रतेला ते अधिक तापे. त्याची चिप सु. ११२ चौ. मिमी.ची असून वेगवान प्रकारांना १०० वॉटहून अधिक शक्ती लागे, म्हणजे दर चौ. सेंमी.ला सु. १०० वॉट. स्वयंपाकघरातील १,५०० वॉटच्या व १८ सेंमी. व्यासाच्या विजेच्या शेगडीची घनता दर चौ. सेंमी.ला ६ वॉटच्या आतच असते, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचा अर्थ कळतो. शिवाय शेगडी तापावी अशीच अपेक्षा असते, चिप मात्र शंभर अंशांच्या आत राहावी लागते. मे २००४ मध्ये इंटेलने टेजास हा पुढील प्रक्रियक रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगॅहर्ट्‌झच्या पेंटियम ४ ची योजनाही सोडून दिली. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका सभेत गुडघे टेकून श्रोत्यांची विनोदाने क्षमा मागितली. मे २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी डेस्कटॉपसाठी दोन गाभ्यांचे प्रक्रियक बाजारात आणले. एका गाभ्याचा वेग वाढविण्याऐवजी कमी वेगाचे अनेक गाभे ठेवावयाचे, हे धोरण तेव्हापासून रूढ झाले. त्याचा भार आज्ञावली लिहिणाऱ्यांवर पडला. जुन्या आज्ञावल्या नवा संगणक घेताच आपोआप वेगवान होत असत, ती सोय बऱ्याच अंशी संपली. कामाची वाटणी अनेक गाभ्यांत कशी करावी, हा संगणकशास्त्रातील प्रश्न यानंतर सर्वसामान्य आज्ञावली-लेखकाच्या दारात आला, तो शास्त्रीय प्रगतीमुळे नव्हे तर उष्णता बाहेर घालविता न आल्यामुळे.

त्या वर्षांतील शीतनाचे काही प्रयत्न आता विस्मृतीत गेले आहेत. १९९५ मधील एटीएक्स या खोक्याच्या मानकात वीजपुरवठ्याच्या पंख्याने प्रक्रियकावरही वारा घालावा, अशी मूळ कल्पना होती. ती लवकरच अपुरी पडली. त्याची जागा घेण्यासाठी इंटेलने २००३ मध्ये पुढे आणलेले बीटीएक्स हे मानक समोरून सरळ हवा आत घेऊन ती प्रथम प्रक्रियकावरून नेई. शीतनाच्या दृष्टीने ते अधिक सुसंगत होते. पण २००६ मध्ये आलेल्या कोअर २ डुओ या प्रक्रियकाला ६५ वॉटच पुरत असल्याने त्याची निकड संपली व ते सोडून देण्यात आले. जून २००४ मध्ये ॲपलने जाहीर केलेल्या पॉवर मॅक जी-५ च्या सर्वांत वेगवान प्रकारात कारखान्यातच बसविलेले द्रवशीतन होते. काही वर्षांनी त्यांपैकी बऱ्याच संगणकांत द्रव गळून आतील भाग खराब झाले.

टिकाऊ ठरली ती उष्णतानलिका. लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेतील जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये तयार केलेल्या या साधनात बंद नळीत थोडासा द्रव असतो. उष्ण टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती सुप्त उष्णता सोडून पुन्हा द्रव होते व नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने परत येते. फिरणारा भाग एकही नसून तिची परिणामी संवाहकता भरीव तांब्याच्या कितीतरी पट असते. ती प्रथम लॅपटॉपमध्ये व २००० नंतरच्या दशकात उंच पट्ट्यांच्या डेस्कटॉप शीतकांत सर्रास आली. मोठ्या पट्ट्या मिळाल्याने पंखाही मोठा व मंद ठेवता येऊ लागला. पंख्याचा वेग निम्मा केल्यास हवेचा पुरवठा निम्मा होतो, पण आवाज सु. १५ डेसिबेलने उतरतो. चार तारांच्या पंख्यांचा वेग तापमानानुसार आपोआप बदलण्याची सोयही याच काळातली.

आकड्याचा अर्थ : २००६ पासून इंटेलच्या कोअर मालिकेत प्रत्येक गाभ्यात स्वतंत्र अंकीय संवेदक आला. हा संवेदक तापमान सांगत नाही. कमाल अनुज्ञेय तापमानापासून आपण किती अंश खाली आहोत, एवढेच तो सांगतो. आज्ञावलीला तो आकडा कमाल तापमानातून वजा करून तापमान काढावे लागते. हे कमाल तापमान निर्मात्याने प्रसिद्ध न केल्याने आज्ञावली-लेखक आपापल्या अंदाजाने आकडा धरीत व एकाच संगणकावर दोन आज्ञावल्या परस्परांपासून १०-१५ अंशांनी भिन्न तापमाने दाखवीत. २००८ मध्ये इंटेलने आपल्या अनेक डेस्कटॉप प्रक्रियकांचे आकडे जाहीर केल्यावर हा गोंधळ ओसरला. हे संवेदक मर्यादेच्या जवळ अचूक असावेत अशाच बेताने जुळविलेले असतात. निवांत असलेल्या प्रक्रियकाचे वाचन खोलीच्या तापमानाहूनही कमी आलेले दिसते, ते यामुळे.

एएमडीच्या बाबतीत हा प्रकार आणखी पुढे गेला. मार्च २०१७ मध्ये आलेल्या रायझन मालिकेतील १७०० एक्स व १८०० एक्स हे प्रक्रियक प्रत्यक्षापेक्षा २०° से. अधिक आकडा मुद्दाम कळवीत. सर्व प्रकारांना पंख्याचे एकच धोरण लागू पडावे, हा त्यामागील हेतू होता. हा आकडा तापमानाच्या एककात लिहिलेला असला तरी वस्तुतः तो पंख्याला दिलेला हुकूम होता. कंपनीने खुलासा करीपर्यंत अनेकांनी चांगले शीतक बदलले. तापमापकाचे वाचन हे निसर्गाचे निवेदन समजण्याची आपली सवय येथे फसते, कारण ते वाचन आपल्यापर्यंत येण्यापूर्वी निर्मात्याच्या हिशेबातून गेलेले असते.

चिप व तिचे धातूचे झाकण यांमधील थराचाही असाच एक वाद झाला. २०१२ मधील आयव्ही ब्रिज पिढीपासून इंटेलने डेस्कटॉपच्या मुख्य प्रक्रियकांत तेथील डाखाऐवजी उष्णतावाहक लेप वापरला. तापमाने वाढल्याचे दिसताच हौशी लोक झाकण पात्याने उचकटून आतील लेप बदलू लागले व त्यात काहींच्या चिपा भंगल्या. २०१८ च्या अखेरीस आलेल्या नवव्या पिढीच्या वरच्या श्रेणीत डाख परत आला.

अलीकडील स्थिती : २००८ मधील नेहालेम पिढीपासून इंटेलचा प्रक्रियक तापमान, शक्ती व प्रवाह यांत वाव असेल तेवढा स्वतःहून वेग वाढवितो; इतर निर्मात्यांनीही हाच मार्ग धरला. यामुळे तापमानाचे स्थान बदलले. पूर्वी ती ओलांडू नये अशी सीमा होती. आता ती वापरून संपवावयाची शिल्लक झाली आहे. २०२२ मध्ये आलेल्या कोअर आय-९ १३९०० के या प्रक्रियकाची पायाभूत शक्ती १२५ वॉट असली तरी कमाल मर्यादा २५३ वॉट होती. त्याच वर्षीच्या रायझन ७००० मालिकेतील वरच्या श्रेणीचे प्रक्रियक जड कामात ९५° से.पर्यंत जाऊन तेथेच राहतील, अशी त्यांची आखणीच आहे व तेथे ते दीर्घकाळ चालण्यास हरकत नाही, असे निर्मात्याने स्पष्ट केले. अशा प्रक्रियकावर अधिक चांगला शीतक बसविला असता जड कामाच्या वेळचे तापमान फारसे उतरत नाही. त्याच तापमानाला कंप्रता मात्र वाढते. म्हणून शीतक योग्य आहे की नाही हे ठरविताना तापमानाबरोबरच त्या क्षणीची कंप्रता व शक्ती हे दोन आकडेही वाचावे लागतात. [→ अर्धसंवाहक, उष्णता संक्रमण, संगणक].